टोमॅटोची पाने मुरडू लागल्यावर : निंबोळी तेल की बारीक जाळी?

ठाण्यात गॅलरीतल्या टोमॅटोचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. सप्टेंबरअखेरीस बी टाकावे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपे मोठ्या कुंडीत हलवावीत आणि मार्चचा उकाडा फुले गाळू लागेपर्यंत फळे घ्यावीत, असा आपल्याकडचा साधारण क्रम आहे. या काळात येणाऱ्या बहुतेक तक्रारी पाणी, ऊन आणि खत यांचे प्रमाण सांभाळले की आटोक्यात येतात. पांढरी माशी आणि तिच्यामार्फत येणारा लीफ कर्ल हा पाने मुरडणारा विषाणूजन्य रोग, म्हणजेच शेतकऱ्यांचा बोकड्या, यांच्याबाबतीत मात्र तशी सवलत मिळत नाही; रोप एकदा रोगट झाले की ते पुन्हा निरोगी करणारे औषध नाही, त्यामुळे काय करायचे ते रोप लहान असतानाच ठरवावे लागते. घरगुती बागेत त्यासाठी दोन मार्ग सहज परवडतात, निंबोळी तेलाची फवारणी आणि कीटकरोधक जाळी. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका इमारतीतल्या ग्रिल लावलेल्या गॅलरीत मी दोन्ही वापरले आहेत.

निवड करण्याआधी पान नेमके कशाने मुरडले आहे ते पाहावे, कारण मुरडलेले प्रत्येक पान रोगट नसते. खालची जुनी पाने लांबीच्या दिशेने वर वळून नळीसारखी झाली असतील, हाताला जाडसर व कडक लागत असतील, पण रंगाने हिरवी असतील आणि शेंडा टवटवीत असेल, तर बहुधा तो दुपारच्या उन्हाचा, कमी-जास्त पाण्याचा किंवा एकाच वेळी केलेल्या जोरदार छाटणीचा परिणाम असतो आणि त्यासाठी काहीही फवारू नये. लीफ कर्लची सुरुवात याच्या उलट, शेंड्याकडून होते. नवी पाने लहान, खडबडीत आणि वाटीसारखी वळलेली येतात, त्यांच्या कडा व शिरांमधला भाग पिवळट होतो, दोन पेरांमधले अंतर कमी होऊन झाड झुडपासारखे दाटते आणि फुले आली तरी फळ धरत नाही. पानाची मागची बाजू उजेडाकडे धरून पाहिली, तर मिलिमीटरभर लांबीच्या पांढऱ्या माश्या आणि त्यांची पानाला चिकटून बसलेली फिकट पिवळी, चपटी पिल्ले दिसतात. झाडाला हलकासा धक्का दिला की माश्या उडून लगेच पुन्हा पानाखाली जाऊन बसतात.

निंबोळी तेलाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ते सहज मिळते, फळे तोडणीला आलेली असतानाही बेताने वापरता येते आणि पांढऱ्या माशीबरोबर मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांनाही काही प्रमाणात आवर घालते. त्यातला ॲझाडिरॅक्टिन हा घटक पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो आणि किडीला रस शोषण्यापासून परावृत्त करतो. तो उन्हात लवकर निष्प्रभ होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी आणि साधारण आठवड्याने पुन्हा करावी. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून द्रवरूप साबणाचे काही थेंब, हे घरगुती प्रमाण माझ्या झाडांना मानवले. तेलाऐवजी बाजारातले तयार औषध घेतले, तर त्याच्या बाटलीवरचे प्रमाण पाळावे. कालवलेले पाणी त्याच दिवशी संपवावे आणि आधी एक-दोन पानांवर फवारून दुसऱ्या दिवशी ती करपत नाहीत ना हे पाहावे.

माझी अडचण औषधाच्या गुणापेक्षा गॅलरीच्या रचनेमुळे झाली. पांढरी माशी पानाच्या मागच्या बाजूला राहते, त्यामुळे फवारा खालून वर मारावा लागतो, आणि ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंडीचे अर्धे झाड नेमके बाहेरच्या अंगाला असते. तिथे हात पोहोचत नाही आणि पोहोचला तरी फवाऱ्यातले बरेचसे पाणी हवेत जाते. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की ते तुषार सरळ खालच्या मजल्याकडे जातात, आणि आपल्या इमारतींमध्ये खालच्या मजल्यावर त्याच वेळी कपडे वाळत असतात. खालच्या काकूंनी एकदा दार वाजवून अगदी शांतपणे सांगितले, "अहो, चादरींना कडवट वास येतोय, तेवढं बघाल का?" त्यानंतर फवारणीसाठी मी वारा पडण्याची वाट पाहू लागलो, कुंड्या ग्रिलमधून आत ओढून खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरू लागलो, आणि तरीही घरात रात्रभर तो उग्र वास रेंगाळत असे. नियमितपणा हाच ज्या उपायाचा प्राण आहे, तो नियमितपणे करता येणार नसेल तर त्याचा उपयोग अर्ध्यावर येतो, असे माझे मत झाले. ज्यांच्याकडे मोकळी गच्ची किंवा तळमजल्याचे अंगण आहे, त्यांना ही अडचण कदाचित जाणवणारही नाही.

जाळीचे काम याहून सरळ आहे, कारण ती माशीला पानापर्यंत येऊच देत नाही. लीफ कर्लच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. रोगट झाडावर बसून आलेली माशी निरोगी रोपावर अर्धा तास रस शोषत बसली तरी विषाणूचा शिरकाव होऊ शकतो, आणि लक्षणे साधारण दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. निंबोळी तेलाने माश्यांची पुढची पिढी रोडावते हे खरे, पण शेजारच्या मिरचीवरून किंवा जास्वंदीवरून उडून आलेल्या एखाद्या माशीला ते वेळेवर थांबवेलच असे सांगता येत नाही. लागण जितकी लहान वयात होते तितके नुकसान मोठे होते. फळे धरल्यानंतर झालेली लागण झाड बऱ्यापैकी सोसते. म्हणून रोपे उगवल्यापासून फुले येईपर्यंतचे दिवस बिनधोक काढता आले, तरी हंगाम बराचसा हाती लागतो.

जाळी घेताना मात्र डासांची जाळी चालणार नाही, कारण तिच्या छिद्रांतून पांढरी माशी सहज आत जाते. रोपवाटिकांसाठी मिळणारी 40 किंवा 50 मेशची जाळी मागावी; मेशचा आकडा म्हणजे एका इंचात बसणारी छिद्रे, आणि पांढऱ्या माशीसाठी 50 अधिक भरवशाची. मी ती मीटरवर विकत आणून शिंप्याकडून उभ्या पिशवीसारखी शिवून घेतली, तळाशी नाडी ओवली, कुंडीत चार बांबू रोवून वरून पिशवी चढवली आणि कुंडीच्या काठाखाली नाडी आवळून बांधली. पाणी जाळीवरूनच घालता येते, त्यामुळे ती रोज उघडावी लागत नाही. चढवण्यापूर्वी प्रत्येक पान मागून तपासावे, कारण आत अडकलेल्या माश्यांना किंवा माव्याला ढालकिड्यासारखे त्यांचे शत्रूही गाठू शकत नाहीत आणि कीड निर्वेध वाढते. जाळी बांधण्याआधीची एक निंबोळी फवारणी मी अजूनही करतो. त्या वेळी रोप वीतभरच असते, ते न्हाणीघरात नेऊन सगळ्या बाजूंनी भिजवता येते आणि कोणालाही त्रास होत नाही.

जाळीचेही काही तोटे आहेत. आत वारा कमी खेळतो, उष्मा आणि दमटपणा वाढतो, त्यामुळे पावसाळ्यात किंवा रोपे दाटीने ठेवली असतील तर करपा या बुरशीजन्य रोगाचे ठिपके लवकर पडतात. जमिनीलगतची पाने काढून टाकणे आणि एका पिशवीत एकच झाड ठेवणे यांमुळे माझ्याकडे हे बरेच कमी झाले. दुसरे म्हणजे फळधारणा. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागांवर फळते, पण पराग झडण्यासाठी त्याला वाऱ्याचा किंवा गुंजारव करणाऱ्या भुंग्याचा हेलकावा लागतो, आणि जाळीत दोन्ही पोहोचत नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास आधाराच्या बांबूवर बोटाने टिचक्या मारल्या की काम होते. चहाचा कप हातात घेऊन करता येण्याजोगे हे काम आहे; वारा पाहून, कुंड्या ओढून, वर्तमानपत्रे अंथरून केलेल्या फवारणीपेक्षा मला ते पुष्कळ हलके वाटते. फळे सुपारीएवढी झाली की मी दिवसा जाळी वर गुंडाळून ठेवतो.

दोन्ही उपायांच्या कक्षेबाहेरच्या गोष्टीही ध्यानात ठेवाव्यात. फळाचे बूड काळे पडून खोलगट होत असेल, तर फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्याचे कारण बहुधा अनियमित पाणी हे असते. हिरवेगार झाड एकाएकी मान टाकून पाणी दिल्यावरही उठत नसेल, तर बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरू लागला, तर ती जिवाणूजन्य मर आहे. ते झाड मातीसकट टाकून द्यावे, आणि त्या कुंडीत वांगी, मिरचीही लावू नयेत.

आपल्याकडे तयार रोपे आणून लावणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि जाळीचा लाभ त्यांनाच सर्वांत कमी मिळण्याचा संभव आहे, कारण निरोगी दिसणाऱ्या रोपातही लागण आधीच झालेली असू शकते. शक्य असल्यास बी घरीच टाकून पहिल्या दिवसापासून ट्रेवर जाळी घालावी. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला अर्का रक्षक हा संकर लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे; त्याचे बी मिळाले तर अवश्य घ्यावे, आणि जाळी त्यावरही घालावी. गच्चीवर दहा-वीस कुंड्यांची रांग असेल, तर प्रत्येकीला पिशवी शिवणे जिकिरीचे होईल आणि तिथे निंबोळी तेलच सोयीचे पडेल. पिवळे चिकट सापळे सोबत टांगले तर माश्या केव्हा वाढू लागल्या ते लवकर कळते. ग्रिलच्या गॅलरीत दोन-चार झाडे असलेल्याने मात्र पहिला खर्च जाळीवर करावा आणि तेलाची लहान बाटली रोपांच्या त्या एका आंघोळीपुरती आणावी.