नऊ महिने ऑटो ॲडजस्टर, आणि परत पाना हातात

तुळजापूरहून येताना घाट उतरलो आणि मागून करपल्याचा वास यायला लागला. तामलवाडीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. डाव्या मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रमवर (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी डबडं) पाण्याचे दोन थेंब शिंपडले, चर्र! म्हटलं निवू दे. अर्ध्या तासाने निघायला बघतो तर हँडब्रेक खाली, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि तिघांनी ढकलूनही हलेना. ड्रम निवून आकसला होता आणि ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, त्यात आणखी आवळून बसले होते.

गाडी आमची ८६ ची प्रीमियर पद्मिनी. शू झिजले की ते ड्रमच्या जवळ सरकवायला मागे मूळचे हाताने फिरवायचे कॅम. गेल्या ऑगस्टमध्ये मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीच्या बॅकप्लेटसकट (शू बसतात ती ड्रममागची पत्र्याची ताटली) ऑटो ॲडजस्टर, म्हणजे हेच काम आपोआप करणारे, बसवून दिले. "परत गाडीखाली शिरायचं कामच नाही बघा." ४,२०० गेले. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. पेडल कायम वर, चारजणांना कौतुकानं सांगितलंही.

आता एका बुचाचं. ॲडजस्टरचं दातेरी चाक बाहेरून फिरवता यावं म्हणून बॅकप्लेटला लांबट भोक असतं, त्यावर रबरी बूच. उजवीकडे ते पहिल्या दिवसापासून नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "काय होत नाही." दुकानदार म्हणाला, सुटं मिळत नाही, पूर्ण किट घ्या, साडेसहाशे. दहा रुपयांच्या बुचाला साडेसहाशे? नाही घेतलं. उन्हाळ्यात आमच्या सोलापुरात होटगी रोडची धूळ काय असते ते इथल्यांना सांगायला नको.

उघडल्यावर कळलं. उजवीकडचं दातेरी चाक धुळीनं गच्च, शू झिजले तरी एक दात सरकलेलं नाही. म्हणून पेडल खोल जायचं, म्हणून मी घाटात पेडल परत परत दाबून पंप मारत होतो. डावा ड्रम तापून फुगला, त्या ॲडजस्टरला वाटलं शू झिजले, त्यानं दात पुढे घेतला. मागे घ्यायची सोय त्याला नाही. त्यात ड्रम झिजून आतून कड आलेली, शू तिला अडकत होते. एका बारीक स्क्रू-ड्रायव्हरने दातेरी चाक अडवणारा लिव्हर उचलून धरायचा, दुसऱ्याने चाक उलटं फिरवायचं, असा तासभर खेळ झाला तेव्हा कुठे ड्रम निघाला.

इथपर्यंत रागात लिहून ठेवलं होतं. मधे भावाकडे गेलो. त्याच्या मारुतीला मागे ऑटोच आहेत, कंपनीचे, नऊ वर्षं तक्रार नाही. वाकून बघितलं, दोन्ही बुचं जागेवर! म्हणजे ॲडजस्टर वाईट नाही. जुगाड वाईट, आणि थोडा मीही.

तरी परत मॅन्युअलच केलं. जुन्या बॅकप्लेट चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या होत्या, बायको भंगारात घाल म्हणत होती. मजुरी तेवढी ६०० लागली. आता तीन महिन्यांनी एक रविवार सकाळ जाते. पुढच्या चाकांना विटा, मागे जॅक, हँडब्रेक सैल. चाक अडेपर्यंत कॅम फिरवायचा, मग हलकी खर्र ऐकू येऊन चाक मोकळं फिरेल इतका मागे घ्यायचा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. ती आधी ताणली तर सगळा हिशेब चुकतो, मग सिस्टम कुठलीही असो.

डावीकडचं बूच काढून डबीत ठेवलंय. कुणाला सुटं हवं असेल तर दहा रुपयांत देतो.