चौदा जणांची पुस्तिका करून घेतली त्या विट्याच्या डीटीपीवाल्यांबद्दल

मागच्या पितृपक्षापासून यंदाच्या पितृपक्षापर्यंत आमच्या गावात चौदा माणसं गेली. गाव केवढं, तर सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात येरळा नदीच्या काठाला तीनशे-साडेतीनशे उंबऱ्यांचं, त्यात चौदा म्हणजे महिन्याला एकदा तरी रक्षाविसर्जनाला नदीवर जाणं आलंच. प्रत्येकाचा फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून वीस नावं. दहावा झाला की फ्लेक्स उतरतो आणि मग तो वाया कशाला घालवायचा म्हणून कुणीतरी वैरणीवर टाकतं. माझ्या चुलत्यांचा फ्लेक्स मी पावसाळ्यात एका कडब्याच्या गंजीवर बघितला, तोंड खाली करून अंथरलेला, चार कोपऱ्यांवर दगड. ज्यानं टाकला त्याला मी काही बोललो नाही, त्याचा कडबा भिजत होता. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. त्याच रात्री गावच्या ग्रुपवर टाकलं की या वर्षी गेलेल्या सगळ्यांची मिळून एक छोटी पुस्तिका काढू आणि सर्वपित्रीला देवळात वाचू. सकाळपर्यंत निम्मे पैसे जमले पण, जास्त करून तमिळनाडू-केरळात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानांत असलेल्या आपल्या पोरांकडून.

काम दिलं विट्यातल्या एका डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानाला. नाव इथं टाकत नाही, मालकांनीच सांगितलंय की आहे तेच काम उरकत नाही. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, सातबाराचे झेरॉक्स असलं रोजचं काम, दोन कॉम्प्युटर, टायपिंगला एक ताई. आधी आणखी एका ठिकाणी विचारलं होतं, तिथं त्यांनी तयार मॅटरची फाईलच उघडून दाखवली, प्रेमळ मनमिळाऊ कष्टाळू स्वभाव, फक्त नाव बदलायचं. चौदा जणांना तेच. मी तिथनं उठलो.

इथं मात्र मालकांनी पहिल्या दिवशी पाऊण तास बसवून घेतलं आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, "हे मागनं चालत आले तर तुम्ही कशावरनं ओळखायचा?" मला चुलत्यांचं सांगता आलं, दुसऱ्या कुणाचं धड सांगता येईना, जन्मभर एका गावात राहून. मग म्हणाले घरोघरी जाऊन हाच प्रश्न विचारा, लिहून काढायच्या भानगडीत पडू नका, व्हॉईस नोट पाठवा, आम्ही ऐकून टाईप करतो. हे फार उपयोगी पडलं, कारण आमच्याकडं म्हाताऱ्या बायका कागद बघितला की गप्प होतात आणि मोबाईल चुलीपाशी ठेवला की बोलत राहतात.

त्यातनं जे निघालं ते सांगितल्याशिवाय दुकानाचं काम कळायचं नाही. एक तात्या होते, मुंबईच्या कापडगिरणीतले. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे आणि मागावर काम करायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले हे एक. वर्षभर वाट बघून गावी आले ते पुढं कायमचेच. अख्खं गाव त्यांना रागीट म्हणायचं, आम्ही पोरं तर त्यांच्या दारावरनं जायला घाबरायचो, एवढे ओरडून बोलायचे. त्यांच्या मुलीनं व्हॉईस नोटमध्ये सांगितलं की अहो मागाच्या खडखडाटानं दोन्ही कान गेले होते त्यांचे, स्वतःचा आवाज त्यांना ऐकू यायचा नाही, आणि हे कुणाला सांगायला त्यांना लाज वाटायची. चाळीस वर्षं आम्ही त्या माणसाला चुकीचं ओळखत होतो. ताईंनी टाईप करताना हे मध्येच कुठंतरी न टाकता त्यांच्या पानाची पहिली ओळ केली. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनी केलं. देवळात ती ओळ वाचली तेव्हा पारावरचे दोघं-तिघं त्यांच्याच वयाचे होते, ते मान खाली घालून बसले.

दुसरे एक नाना. विसाव्या वर्षी तमिळनाडूत गेले, गलाईला. बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो, सोनारांकडचे जुने दागिने आणि दुकानातली झाडलोट सुद्धा भट्टीत घालून, तेजाब वापरून त्यातनं चोख सोनं-चांदी वेगळं काढायचं, हा आमच्या खानापूर-आटपाडीच्या, तिकडं माण-खटावच्या लोकांचा धंदा, सगळ्या देशात पसरलाय. नाना तिकडंच गेले, अग्नी तिकडंच दिला, गावाला फक्त रक्षेचं गाठोडं आलं. त्यांच्या पानासाठी गावातल्या कुणाकडं काहीच नव्हतं, शेवटचे आले ते यात्रेला, आले नि गेले. मालकांनी सुचवलं की तिकडच्या शेजाऱ्याला फोन करा. केला. तो सोनार, तमिळ माणूस, मोडक्या हिंदीत तासभर बोलला, की यांनी उसने दिलेल्या मुशीवर, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यावर, माझं दुकान सुरू झालं आणि त्या मुशीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. हिंदीतलं ते बोलणं ताईंनी मराठीत आणलं, आणि जे वाक्य कळलं नाही त्यासाठी परत मला फोन केला, अंदाजानं काही घातलं नाही.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. खालच्या आळीतली आजी, ७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलेली, मिलोच्या, म्हणजे परदेशातनं आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी आणि मदत म्हणून मिळणारी सुकडी खाऊन चार पोरं जगवलेली. तिची त्या वेळची हातोडी अजून घरात आहे, मिठाचे खडे फोडायला. तिचा एकच फोटो होता, आधार कार्डचा. पहिल्या प्रूफमध्ये तो फोटो आला तो इतका गोरा गुळगुळीत की सुनेनं हातात घेतला आणि म्हणाली, ही कोण? ॲपमधनं क्लिअर केला होता आणि त्या ॲपनं सुरकुत्या तर काढल्याच, वर कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं होतं. मी दुकानात जाऊन आवाज चढवून बोललो, बाकीची गिऱ्हाईकं बघत होती. मला अजून वाटतं की बोललो ते बरोबर केलं. माणूस गेलं, आता त्याचं तोंड पण बदलायचं का? मालकांनी वाद घातला नाही. चौदाच्या चौदा फोटो परत मूळ फोटोवरनं केले, नुसता उजेड कमी-जास्त केला, हात कशाला लावला नाही. आजीचा छापील फोटो थोडा अंधुक आहे पण ती आजी आहे. दोन फोटोंचे पैसे त्यांनी स्वतःहून घेतले नाहीत.

दुसरी गोष्ट भाषेची. पहिल्या प्रूफमध्ये सगळ्यांचं बोलणं शाळेच्या पुस्तकासारखं केलं होतं, "आलो व्हतो"चं "आलो होतो", "म्या न्हाय जायची"चं "मी जाणार नाही". चूक म्हणून दुरुस्त केलं म्हणाल्या ताई. त्यांना सांगितलं की माणसाच्या तोंडचं आहे ते तसंच राहू द्या. राहू दिलं, तरी दोन पानांवर सुटलंय. आणि मोबाईलवरनं पाठवलेला मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये घेताना "दुसऱ्या", "शेतकऱ्या" असल्या शब्दातला ऱ्या तुटतो, प्रूफ वाचताना तेवढं बोट ठेवून बघा, आमच्यात तीन जागी राहिलाच.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती वेगळीच आहे. पहिलं पान कुणाचं, यावरनं गावात कुजबुज सुरू झाली होती. भावकी मोठी कुणाची, माजी सरपंचांच्या आईंचं आधी यायला पाहिजे, असलं. आणि चौदात मागासवर्गीय वस्तीवरचे दोघं होते, त्यांची पानं शेवटी येणार हे कुणी बोललं नव्हतं पण सगळ्यांनी धरलेलं होतं. मालकांनी माझ्याशी चर्चासुद्धा केली नाही, सरळ म्हणाले ज्या दिवशी माणूस गेलं त्या तारखेनं लावतो, आमच्याकडं दुसरी पद्धतच नाही. तारखा ग्रामपंचायतीतनं घेतल्या, एकवीस दिवसांत नोंद करायची असते त्यामुळं गावात गेलेल्यांच्या सगळ्या रजिस्टरला होत्या. त्या हिशोबानं पहिलं पान आलं वस्तीवरच्या एका बापूंचं. बळीराजा धरणाच्या श्रमदानाला रोज चालत गेलेला माणूस, येरळेवर लोकांनी नदीतली वाळू विकून आणि स्वतः घाम गाळून ऐंशीच्या दशकात बांधलेलं ते धरण. दुकानदारानं पद्धत म्हणून सांगितल्यामुळं गावात कुणाला कुणाशी भांडता आलं नाही.

तसंच मरणाचं कारण. एका घरानं हात जोडून सांगितलं की आमच्या पोराचं कसं झालं ते लिहू नका. मालक म्हणाले मग कुणाच्याच पानावर लिहायचं नाही, एकट्याचं गाळलं तर ते जास्त दिसतं. मला हे सुचलं नसतं.

आणि बायकांच्या पानावर माहेरचं नाव आणि माहेरचं गाव त्यांनी मागूनच घेतलं. सात बायका होत्या चौदात. चौघींचं लग्नाआधीचं नाव त्यांच्या पोरांना माहीत नव्हतं. आमच्याकडं हेळवी येतात, चोपडीतनं वंशावळ वाचून दाखवतात, पसा-दोन पसे धान्य आणि पैसे देतो आपण, माझ्या खापरपणजोबाच्या बापाचं नाव मला त्यांच्यामुळं माहीत आहे. पण मी जेवढं वाचन ऐकलं त्यात पुरुषांचीच नावं ऐकली. देवळामागं वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराचा दगड, खाली लढाई वर चंद्र-सूर्य, त्याच्यावर तर कुणाचंच नाव नाही. म्हणून या चार नावांसाठी आम्ही माहेरी फोन केले, एकीसाठी तर आटपाडी तालुक्यात गाडी काढून गेलो, तिचा नव्वदीचा भाऊ अंगणात बसला होता, त्यानं बहिणीचं लहानपणीचं नाव घेतलं आणि मग बराच वेळ तेच घेत बसला. सर्वपित्रीला तो नातवाच्या गाडीवर बसून वाचनाला आला होता. पुस्तिकेत तिची दोन्ही नावं आहेत, सारख्याच अक्षरात, कंसात घातलेलं नाही.

बाकी व्यवहाराचं सांगतो. ए-फाईव्ह साईझ, साठ पानं, मध्ये पिना, आत काळं-पांढरं, वर रंगीत कव्हर. १५० प्रती काढल्या. छपाई बांधणी प्रतीला ६२ रुपये, टायपिंग पानाला ४० प्रमाणे ५२ पानांचं, फोटोचे शंभर-शंभर, सगळं धरून १२,५८० रुपये झाले. बिल पक्कं दिलं. उशीर मात्र झाला, बारा दिवसांचं बोलले आणि तेवीस लागले, सर्वपित्रीच्या दिवशी दुपारी दोनला गठ्ठे हातात आले, संध्याकाळी वाचन, माझा जीव टांगणीला लागला होता. त्यात नऊ प्रतींत मधली पानं उलटी लागलेली निघाली, त्या बदलून दिल्या, पण चार दिवसांनी. फ्लेक्सचं काम पण ते करतात, ते मी बघितलेलं नाही.

वाचायला अडीच तास लागले. माईकवर गावातल्या शाळेतली आठवी-नववीची पोरं होती, ज्याचं पान त्याच्या घरातलं नाही असं पोरगं वाचायला द्यायचं हे आमचं आम्ही ठरवलं, घरचं असलं की वाचता येत नाही. दसऱ्याला आलेली गलाईची पोरं परत जाताना चाळीसएक प्रती बॅगेत घालून घेऊन गेली. माझ्या चुलत्यांच्या पानावर टेंभू सिंचन योजनेचं पाणी पहिल्यांदा आलं त्या दिवसाचं आहे, ते पाण्यात न उतरता रात्रभर कडेला बसून होते, मी त्यांना जेवायला बोलवायला गेलो तर म्हणाले, थांब जरा, आवाज ऐकू दे. हे घरात मला एकट्यालाच माहीत होतं, आता सगळ्यांकडं आहे.

तर, विट्यात किंवा जवळपास असाल आणि असलं काम करायचं असेल तर मेसेज करा, पत्ता पाठवतो. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं. पितृपक्षाच्या निदान दीड महिना आधी द्या. प्रूफ मोबाईलवर बघू नका, कागदावर काढून मागा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर धरा. जुने फोटो फ्रेममधनं काढून न्या, काचेवरनं काढलेल्या फोटोत चमक येते. आणि गोंदण असेल तर पहिल्याच दिवशी ताईंना सांगून ठेवा.