मायक्रोबायोटा: सावलीतलं उत्तम झुडूप, पण हिवाळ्यात मेलं की जिवंत ते ओळखायला शिका

नर्सरीशी मार्चपासून चाललेला वाद परवा एकदाचा मिटला, म्हणून आता सविस्तर लिहिते. गेल्या मे महिन्यात मायक्रोबायोटा डिकुसाटा या जमिनीलगत पसरणाऱ्या सदाहरित झुडपाची तीन रोपं आणली. एक गेलं, दोन जोमात आहेत. गेलेल्या रोपाचे पैसे मागताना जो त्रास झाला तो या झाडाच्या एकाच गुणामुळे, म्हणून आधी त्याबद्दलच सांगते.

थंडीत याचा रंग बदलतो. नोव्हेंबरात दंव पडायला लागलं की हिरवा पाला जांभळट तपकिरी होतो आणि एप्रिलपर्यंत तसाच राहतो. नर्सरीच्या चिठ्ठीवर फक्त ‘सदाहरित’ लिहिलेलं होतं. मोरपंखी, ज्युनिपर ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे झुडूप, आणि त्यातल्या बऱ्याच झाडांत हे होतं: थंडीत पाल्याला ऊन पेलत नाही, म्हणून तो लालसर रंगद्रव्य तयार करून स्वतःला जपतो. म्हणूनच भिंतीलगतचं, सर्वात कमी उजेडातलं माझं रोप मळकट का होईना, पण हिरवं राहिलं आणि कडेचं तांब्यासारखं झालं.

तिसरं रोप ऑक्टोबरातच उतरायला लागलं होतं. मार्चमध्ये नर्सरीला ईमेलने फोटो पाठवले, तर उत्तर मिळालं, “हा त्याचा हिवाळी रंग आहे, मे अखेरपर्यंत थांबा.” थांबले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तेच रोप उपटून पावतीसकट घेऊन गेले, तेव्हा म्हणाले, “वर्षाची गॅरंटी संपली.” एका कुंडीला ४५ डॉलर मोजलेत, सोडून कसे देणार? मार्चमधली ईमेल माझ्याकडे होती, त्यांचं उत्तरही होतं. त्या जोरावर शेवटी निम्म्या रकमेचं क्रेडिट मिळालं. पूर्ण मिळायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

तेव्हा रंगावर जाऊ नका. जिवंत फांदी थंडीतही लवते, वाकवली तर मोडत नाही. अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडा: खाली ओला हिरवा पापुद्रा दिसला तर झाड जिवंत आहे. वरचा पाला उचलून आत बघा, झाकलेल्या डहाळ्या बहुधा हिरव्याच असतात. मेलेल्या फांदीचा रंग जांभळट नसतो, वाळक्या गवतासारखा फिका असतो, आणि हात लावला की पाला कुरकुरीत होऊन गळतो. ही तपासणी करून तारीख असलेला फोटो त्याच दिवशी पाठवून ठेवा.

रोप मेलं कशाने? उपटल्यावर मुळं कुंडीच्याच आकारात गोल गुंडाळलेली निघाली, बाहेरच्या मातीत एकही शिरलेलं नव्हतं. मुळांभोवतीचा पीटचा (कुंडीत भरतात त्या कुजलेल्या शेवाळाच्या मातीचा) गोळा ओलाचिंब, दाबला तर पाणी गळत होतं आणि मुळांची काळी साल बोटांत सुटून येत होती. म्हणजे फार दिवस कुंडीत कोंडलेलं रोप विकलं होतं. विकत घेताना कुंडीतून काढून मुळं बघायला मागा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

निचऱ्याबाबत हे झाड अजिबात तडजोड करत नाही, आणि ते त्याच्या मुलखाकडे बघितलं की पटतं. रशियाच्या अतिपूर्वेकडे, व्लादिवोस्तोकच्या परिसरातल्या सिखोटे-अलिन पर्वतात, जंगलाची हद्द संपते त्याच्या वरच्या खडकाळ उतारांवर ते वाढतं. १९२१ मध्ये ते सापडलं, १९२३ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कोमारोव्ह यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. या प्रजातीत ही एकच जात आहे. उणे ३५ अंशांची थंडी सोसतं, साचलेलं पाणी नाही. आमच्या मिसिसागाच्या (कॅनडात, टोरांटोशेजारी) चिकणमातीत म्हणून तिन्ही रोपं वीतभर उंचवट्यावर लावली होती. लावण्याआधी फूटभर खड्डा पाण्याने भरून बघा. सकाळी पाणी तसंच असेल तर ती जागा याची नाही.

जानेवारीत मी हे झाड कुणालाच सुचवणार नव्हते. आता मत बदललं आहे. एप्रिलमध्ये ऊब आली तशी दोन्ही रोपं आतून हिरवी होत गेली, आणि आता फांद्यांची टोकं एकीवर एक झुकून पसरताहेत. पाला हुबेहूब आपल्या मोरपंखीचा, शाळेत आपण पुस्तकात ठेवायचो त्याच चपट्या डहाळ्यांचा, फक्त मऊ आणि लोळणारा. दोन्ही झाडं जवळची नातलग आहेत. उंची दीड फुटाच्या आतच राहते, पसारा मात्र हळूहळू दोन-तीन मीटरपर्यंत जातो, म्हणून दोन रोपांत दीड मीटर तरी सोडा. पुढे फांद्या छाटाव्या लागल्या तर हिरव्या भागातच छाटा, जुन्या उघड्या लाकडातून फूट येत नाही.

घराच्या उत्तरेला, मेपलखाली, दुसरं काय लावणार होते? आडव्या ज्युनिपरला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागतं, सावलीत तो आतून उघडा पडतो. यू हे दुसरं सदाहरित झुडूप सावलीत छान वाढतं, पण त्याचा पाला आणि बी विषारी, आणि घरात सगळं तोंडात घालणारी नात आहे. पुण्याहून बहिणीने विचारलं, आमच्याकडे जगेल का? नाही. तिकडचा उन्हाळा याला झेपणार नाही.

क्रेडिटवर त्या नर्सरीतून मी बल्ब घेणार आहे, झाड नाही. रिकाम्या जागेसाठी नोव्हेंबरात जिवंत रोपांच्या बोटभर डहाळ्या काढून, मुळं फुटायची पावडर लावून, वाळू-परलाइटमध्ये खोचणार आहे. याच्या काड्या सहज मुळं धरतात. मोठं व्हायला काही वर्षं लागतील, पण आणखी ४५ डॉलर जाणार नाहीत. टोरांटोच्या आसपास कुणाला काड्या हव्या असतील तर ऑक्टोबर अखेरपर्यंत सांगा.