कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स कॅल्क्युलेटर: दोन वर्षं वापरून झाल्यावर

वर्गात निम्म्या पोरांकडे दादाचा नाहीतर ताईचा जुना ९९१एमएस कॅल्क्युलेटर आहे आणि त्यांचं काही अडत नाही, हे आधीच सांगते. मी एस.वाय.ला गणित आणि कॉम्प्युटर सायन्स दोन्ही घेतले, म्हणून बाबांकडे हट्ट करून ईएक्स घेतला.

लिनियर अल्जिब्राला ४×४ मॅट्रिक्स घेतो, डिटरमिनंट आणि इन्व्हर्स देतो. आयगेन व्हॅल्यू (मॅट्रिक्सच्या खास संख्या) मात्र थेट देत नाही. त्यांचं पॉलिनॉमियल, म्हणजे बहुपदी, हातानं काढायचं, मग चौथ्या घातापर्यंतचं समीकरण तो सोडवतो, त्याची उत्तरं म्हणजेच त्या व्हॅल्यू. पायऱ्यांचे मार्क पायऱ्यांनाच, त्यामुळे हा फक्त ताळा बघायला. बेस-एन मोडमध्ये (बायनरी, हेक्स वगैरेसाठीचा) −१ चं हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातलं रूप, मागितलं तर ओळीनं आठ एफ येतात. टूज कॉम्प्लिमेंट, म्हणजे कॉम्प्युटरची ऋण संख्या लिहायची पद्धत, मला लेक्चरमध्ये नाही, तिथे कळली. क्यूआर कोडची सोय आहे, मी दोनदा वापरली असेल.

खरा जीव जडला तो फॅक्ट या बटणावर. संख्या टाका, = दाबा, मग शिफ्ट आणि अंश-मिनिटांचं बटण: मूळ अवयव हजर. एकदा नंबर थिअरीचा गृहपाठ करताना ४१०४६७६ टाकली, तर २²×(१०२६१६९) असं आलं. कंस कशाला? मला वाटलं बिघडला. वहीत भागाकार करत बसले तर कंसातली संख्या १०१३ चा वर्ग निघाली. मग उजेड पडला. हा गडी तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच भागून बघतो, म्हणजे ९९७ पर्यंत. पुढची मूळ संख्या १००९. उरलेली संख्या १००९ च्या वर्गापेक्षा, म्हणजे १०१८०८१ पेक्षा लहान असेल तर ती मूळच असणार, म्हणून तो बिनधास्त सांगतो. त्यापुढे खात्री नसली की कंसात टाकून मोकळा. त्याच रात्री पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत हेच लिहून बघितलं, जेमतेम पंधरा ओळी झाल्या.

त्याच पायथॉनला ०.१+०.२−०.३ विचारलं तर शून्याऐवजी दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग ५५५ असलं काहीतरी येतं. कॅल्क्युलेटर निमूट ० देतो, कारण तो पायथॉनसारखा बायनरीत नाही, दशमान पद्धतीतच हिशोब करतो. लॅबमध्ये यावरून तासभर वाद झाला.

गेटसाठी (एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा) घेत असाल तर थांबा, तिथे स्क्रीनवरचाच कॅल्क्युलेटर वापरावा लागतो. सेमिस्टरच्या परीक्षेला मला वापरू दिला, तुम्ही आपल्या कॉलेजात विचारून घ्या.

कव्हरच्या आत मी पेन्सिलीनं १००९ लिहून ठेवलंय. गेल्या पेपरला सुपरव्हायझर बाईंनी ते बघितलं. "काय गं हे?" म्हटलं, "मॅडम, मूळ संख्या आहे." त्यांनी न बोलता खोडरबर पुढे केला.