टेस्ट कार्ड खरं होतं, तरी सव्वा लाखाला फसलो

सोलापुरात कुणी दहा मीटर नेमबाजीची वापरलेली एअर रायफल बघत असेल आणि विकणारा आधी ‘टेस्ट कार्ड’ (रायफल किती अचूक ते दाखवायला गोळ्या मारलेलं कार्ड) पुढे करत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळालं आणि आमच्या मुलीने रायफलीचा ध्यास घेतला. नवी जर्मन रायफल आवाक्याबाहेर. ओळखीतून एक विक्रेता मिळाला. वापरलेली, सव्वा लाख. सोबत कार्ड: पाच पेलेट (एअर रायफलीच्या छोट्या गोळ्या) मिळून एकच भोक, कडेपासून कडेपर्यंत जेमतेम 7 मिलिमीटर. “बघा की ओ, एका भोकात पाच! अजून काय पाहिजे?”

पुढे पोरीचे हाल झाले. गुण दहा, दहा, मध्येच नऊ. श्वास, ट्रिगर, उभं राहणं, सगळं बदलून झालं. हात थरथरतो म्हणे, म्हणून तिने चहासुद्धा सोडला. रायफलीवर कुणाचा संशयच नाही, कारण कार्ड होतं ना!

शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मित्राच्या वर्कशॉपमध्ये रायफल वाइसमध्ये रबर लावून जखडली. दहा कार्डं, प्रत्येकावर पाच पेलेट. व्हर्नियरने मोजलं तर सरासरी 8.7 मिलिमीटर, सर्वांत मोठा ग्रुप (पाच भोकांचा पुंजका) साडेदहाचा. आणि एक कार्ड चक्क 7 चं! विक्रेत्याच्या कार्डाशेजारी ठेवलं तर कुठलं कुणाचं ते कळेना.

म्हणजे कार्ड खोटं नव्हतं, निवडलेलं होतं. पाच गोळ्यांचा ग्रुप भलता लहरी. रायफल तीच, पेलेट तेच, तरी आकार सरासरीच्या पाव हिश्शाने सहज वर-खाली होतो. पेलेटची 4.5 मिलिमीटर जाडी वजा करून मोजलं, तर दहा ग्रुपांतला सर्वांत लहान ग्रुप सरासरीच्या साधारण साठ टक्के निघतो. आमचे आकडे 2.5 आणि 4.2, म्हणजे हिशेब चोख. गठ्ठ्यातली उत्तम चादर वर ठेवून गिऱ्हाईक पटवायचं, तसलाच हा धंदा. तीन गोळ्यांचं कार्ड तर आणखी फसवं.

टार्गेटच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेटची कड त्याला लागली तरी दहा, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. आमच्या मापांवरून काढलं, तर ही रायफल जखडून, अगदी मधोमध साधूनही पाचांतली जवळपास एक गोळी दहाच्या बाहेर टाकणार. कागद बघून पोरगी एवढंच म्हणाली, “म्हणजे मी नव्हते ना?”

पुण्याच्या कारागिराने बॅरलच्या तोंडाच्या कडेला पडलेला टोचा दाखवला. नखाला लागत होता.

विक्रेता फोनवर म्हणतो, “तुमच्या टेस्टमध्येपण आलं की ओ एक तसं कार्ड!” त्याच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या पोराने नंतर सांगितलं, ढीगभर कार्डं मारायची, एक ठेवायचं, बाकी कचऱ्यात.

तेव्हा त्याचं कार्ड बघूच नका. तुमच्या पेलेटने, तुमच्यासमोर, रायफल जखडून, निदान पन्नास गोळ्या मारायला लावा आणि एकही कार्ड फेकू देऊ नका. कडेपासून कडेपर्यंतचं माप टोकाच्या दोनच गोळ्यांवर ठरतं, म्हणून प्रत्येक गोळीचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर घेऊन सरासरी काढा. भोकं एकमेकांत मिसळतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक टार्गेट मिळालं तर उत्तम. जाता जाता रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीखही बघा, मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

आणि पावतीवर रायफलीचा क्रमांक लिहून घ्या. आमच्या पावतीवर ‘जुनी रायफल, एक नग’ एवढंच आहे, आणि ग्राहक आयोगात जायचं म्हटल्यावर वकिलांनी पहिला प्रश्न तोच विचारला.