झिऑन ५१६०: काही महिने वापरल्यानंतर

इंटेलचा झिऑन ५१६० हा २००६ मधला, 'वुडक्रेस्ट' घराण्यातला प्रोसेसर. दोन कोअर, ३ गिगाहर्ट्झ, दोघांत मिळून ४ एमबी एल२ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी), टीडीपी (किती उष्णता बाहेर काढायची सोय हवी तो आकडा) ८० वॉट, एलजीए ७७१ सॉकेट (बोर्डावरची बैठक). हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं एकदम चालवणं) नाही. जुन्या सर्व्हर बोर्डावर असे दोन बसवून फाइल शेअरिंग, बॅकअप आणि एक छोटा डेटाबेस चालवतोय.

वेगाबद्दल माझी तक्रार नाही. ६४-बिट डेबियन १२ निमूट चालतं आणि फाइल कॉपी करताना आधी डिस्क दमते, मग प्रोसेसर.

अडतं ते इन्स्ट्रक्शन सेटपाशी, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीपाशी. हा गडी एसएसएसई३ या आज्ञासंचावरच थांबतो, नंतरचे त्याला कळत नाहीत. एसएसई ४.२ नाही म्हणून रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ बाद. एव्हीएक्स नाही म्हणून मोंगोडीबी ५ हा डेटाबेस बाद. एईएस-एनआयही (एन्क्रिप्शनसाठीच्या खास आज्ञा) नाही, त्यामुळे डिस्क एन्क्रिप्ट केली की लिहिण्याचा वेग पडतो आणि 'टॉप'मध्ये कर्नलचे थ्रेड वर चढलेले दिसतात. व्हीपीएनसाठी मी वायरगार्ड घेतलं ते याचमुळे: त्यातल्या चाचा२० या एन्क्रिप्शन पद्धतीला खास हार्डवेअर लागत नाही.

व्हीटी-एक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशिन (व्हीएम) चालवायला प्रोसेसरची मदत, आहे (बायोसमध्ये चालू करावं लागलं), पण ईपीटी, म्हणजे व्हीएमच्या मेमरीचे पत्ते हार्डवेअरनेच जुळवणं, नाही; ते नेहलेम या नंतरच्या पिढीपासून आलं. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) एखादं हलकं व्हीएम ठीक, मेमरी सतत ढवळणारं असेल तर घुसमटतं.

मेमरीचं प्रकरण वेगळंच. कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसून चिपसेटमध्ये, मधे १३३३ मेगाहर्ट्झची एफएसबी, म्हणजे दोघांना जोडणारी वाट. शिवाय रॅम एफबी-डिम या सर्व्हरच्या खास प्रकारची लागते, साधी डीडीआर२ चालत नाही. तिच्यावरची एएमबी चिप (मॉड्यूल आणि कंट्रोलर यांच्यातला मध्यस्थ) इतकी तापते की मशिन रिकामं असतानाही मॉड्यूलला बोट टेकवत नाही. आवाज नको म्हणून पंखे कमी करायचा विचार इथेच सोडून द्यावा.

विजेच्या बाबतीतही हेच. स्पीडस्टेप (काम नसताना घड्याळ मंदावणारी सोय) आहे, पण गुणक (मूळ घड्याळाला ज्याने गुणतात तो आकडा) ९ वरून ६ वरच येतो, म्हणजे घड्याळ २ गिगाहर्ट्झच्या खाली उतरतच नाही. त्यात एफबी-डिमची भूक वेगळी. म्हणून आता हे मशिन चोवीस तास चालू ठेवत नाही. रात्री वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून मशिन चालू करायची सोय) उठतं, बॅकअप घेतं आणि बंद होतं.

याच सॉकेटवर घ्यायचाच असेल, तर एलव्ही ५१४८ बघा: २.३३ गिगाहर्ट्झ, तेवढीच कॅश, टीडीपी ४० वॉट. तो बोर्डाच्या सपोर्ट यादीत आहे ना, तेवढं आधी तपासा.