कमी बजेटमध्ये ओटा: लॅमिनेट, ग्रॅनाइट, क्वार्ट्ज, टाइल की आणखी काही?

ओट्याच्या चौकशीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: चौरस फुटाचा दर काय? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. १० फूट लांब आणि २ फूट रुंद ओटा म्हणजे २० चौरस फूट माल. त्याशिवाय सिंकसाठी एक भोक, शेगडी आत बसवायची असेल तर दुसरं, नळासाठी तिसरं. समोरची १० फूट कड गोल करून पॉलिश करायची, भिंतीलगत पट्टी लावायची, जुना ओटा काढून न्यायचा, नवा वर चढवायचा, खाली आधार द्यायचा. यातलं बरंचसं मालाच्या दरात धरलेलं नसतं, आणि माल हलका घेतला म्हणून ते फारसं कमीही होत नाही. सिंकचं भोक साध्या दगडात पाडा किंवा भारी दगडात, मेहनत जवळपास तेवढीच. त्यामुळे ओटा छोटा असेल तर स्वस्त आणि मध्यम मालातला फरक एकूण बिलात थोडाच उरतो. ओटा मोठा असेल तर तोच फरक चांगलाच जाणवतो. म्हणून दुकानात जाण्याआधी टेप काढा, लांबी-रुंदी आणि समोरच्या कडेची लांबी लिहून घ्या. नमुने नंतर बघा.

माझं मत आधीच सांगून टाकते. हात राखून खर्च करायचा असेल तर खरी निवड लॅमिनेट आणि ग्रॅनाइट या दोघांतच आहे. बाकीचे पर्याय एखाद्या खास गरजेला उत्तम आहेत, पण बहुतेक घरांचा निर्णय या दोघांपाशीच येऊन थांबतो. म्हणून त्यांच्यावरच जास्त बोलते.

लॅमिनेट आणि ग्रॅनाइट

लॅमिनेटचा पत्रा म्हणजे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेल्या कागदांचे थर, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेले. वरच्या नक्षीच्या थरात मेलामाइन असतं, खालच्या तपकिरी थरांत फिनॉलिक रेझिन. अमेरिकेत १९१२ मध्ये हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ’कॉनर यांनी हा पदार्थ तयार केला, तो विजेच्या उपकरणांत अभ्रकाच्या जागी वापरता यावा म्हणून. अभ्रक म्हणजे मायका, त्याच्याऐवजी म्हणून नाव पडलं फॉर्मायका. तेव्हापासूनचा गुण आजही तोच आहे: पत्रा कठीण असतो, गुळगुळीत असतो आणि वरून पाणी आत घेत नाही. चहा सांडला, तेल सांडलं, ओल्या फडक्याने पुसलं की संपलं.

पण हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. ओट्याचं अंग म्हणजे त्याखालचा बोर्ड, आणि लॅमिनेटच्या ओट्याचं आयुष्य हा बोर्डच ठरवतो. आमच्या आधीच्या घरातला लॅमिनेटचा ओटा सिंकच्या डाव्या बाजूला फुगला होता. वरचा पत्रा शाबूत, एक चराही नाही. सिंक काढलं तेव्हा कळलं की कापलेल्या भोकाची कड कोरीच सोडली होती. खालचा बोर्ड पार्टिकल बोर्ड होता, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे चिकटवून, दाबून केलेला. तो पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला तरी पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. एवढ्या एका जागेपायी सगळा ओटा बदलावा लागला, याची मला अजून हळहळ वाटते, कारण ते टाळता येणं अगदी सोपं होतं.

म्हणून लॅमिनेट घेणार असाल तर नक्षी निवडायच्या आधी तीन गोष्टी पक्क्या करा. बोर्ड कोणता, हे विचारा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफपेक्षा (लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या बोर्डापेक्षा) पाण्याला टिकणारा प्लायवुड महाग असतो, पण जास्तीचे पैसे इथे घालावेत असं मी नक्की म्हणेन. दुसरं, सिंक, नळ, शेगडी यांसाठी कापलेली प्रत्येक कड बंद झाली पाहिजे, सिलिकॉनने किंवा पाण्याला टिकणाऱ्या लेपाने, आणि ती सिंक बसवायच्या आधी तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. तिसरं, ओटा एल आकाराचा असेल तर सांधा सिंकपासून लांब ठेवा. सिंकही वरून बसणारं घ्या, म्हणजे त्याची पट्टी कापलेल्या कडेवर झाकणासारखी बसते.

उष्णता ही लॅमिनेटची दुसरी अडचण. शेगडीवरून उतरवलेलं भांडं थेट टेकवलं तर करपट डाग पडतो किंवा पत्रा बोर्डापासून सुटतो. तो डाग घासून जात नाही. घाईत भांडं कुठेही ठेवायची सवय घरात कुणाला असेल, तर ती सवय लॅमिनेट खपवून घेत नाही.

ग्रॅनाइटचं गणित याच्या अगदी उलट आहे. तिथे धास्ती उष्णतेची किंवा सुरीची नसते. मोहच्या काठिण्यश्रेणीत (१ ते १०, आकडा मोठा तेवढा पदार्थ कठीण) ग्रॅनाइटमधलं फेल्स्पार साधारण ६ वर आणि क्वार्ट्ज ७ वर येतं. सुरीचं पोलाद त्याच्या खाली, साधारण साडेपाचच्या आसपास. म्हणजे ग्रॅनाइटवर कापलं तर सुरी बोथट होते, दगडाला काही होत नाही. लिंबू, व्हिनेगर यांनीही त्याची चकाकी उतरत नाही.

त्याचा भार मात्र विसरू नका. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एका चौरस मीटरला साधारण ५४ किलो भरतो. १० फुटी ओटा म्हणजे शंभर किलोंच्या पुढे. खालची कपाटं नाजूक असतील किंवा आधार दूरदूर असतील तर तो खर्चही धरावा लागतो. सिंकच्या भोकापुढे राहणारी दगडाची अरुंद पट्टी ही सगळ्यात कच्ची जागा. तिला खालून आधार नसेल तर ती नेण्या-आणण्यात किंवा बसवतानाच तडकू शकते.

ग्रॅनाइट थोडं पाणी आणि तेल शोषतो, पण किती ते दगडागणिक बदलतं. फिकट, मोठ्या दाण्यांचे दगड सहसा जास्त शोषतात, गडद आणि बारीक दाण्यांचे कमी. तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. खालचा दगड गडद दिसू लागला तर त्याला सीलर, म्हणजे दगडाला पाणी-तेल शोषू न देणारा लेप, लागणार आणि तो अधूनमधून पुन्हा लावावा लागणार. थेंब तसेच उभे राहिले तर काळजी कमी. काळ्या दगडाला आणखी एक परीक्षा द्या: पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन कोपरा चोळा. फडकं काळं झालं तर दगडाला रंग दिलेला आहे, आणि तो ओट्यावर विटत जाणार. लिंबाच्या रसाचा थेंबही ठेवून बघा. थोड्या वेळाने तिथली चकाकी गेली तर तो ग्रॅनाइट नाहीच, संगमरवर किंवा चुनखडीच्या जातीचा दगड आहे. असे दगड दिसायला सुंदर असतात, पण आम्लाने झिजतात आणि मोहच्या श्रेणीत ३ च्या आसपास असल्यामुळे सहज चरे घेतात. रोजच्या ओट्यासाठी मी ते घेणार नाही.

ग्रॅनाइट स्वस्तात मिळवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे उरलेले तुकडे. मोठं काम झालं की कारखान्यात स्लॅबचे भाग पडून राहतात आणि पूर्ण स्लॅबच्या मानाने ते बरेच कमी दराने मिळतात. ओटा छोटा असेल तर एकाच तुकड्यात काम भागू शकतं. रंगाचा हट्ट तेवढा सोडावा लागतो. बिनसांध्याचा, घट्ट दाण्यांचा गडद तुकडा मिळत असेल तर मी भारी लॅमिनेटही बाजूला ठेवीन.

मग लॅमिनेट कुणी घ्यावं? घरात थोडीच वर्षं राहायचं असेल, खालची कपाटं भार पेलणारी नसतील, ओटा खूप लांब असेल, किंवा आत्ता हातात पैसे कमी असून पुढे सगळं स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं असेल, तर लॅमिनेट योग्यच. ते हलकं आहे, लवकर बसतं आणि काढायलाही त्रास नाही. पुढे पंधरा-वीस वर्षं हात लावायचा नसेल तर ग्रॅनाइट.

या दोघांच्या मधे कॉम्पॅक्ट लॅमिनेट येतं. ते तेच रेझिन-कागदाचं, पण सुमारे १२ मिलिमीटर पूर्ण जाडीचं. आत बोर्डच नाही, म्हणून फुगण्याचा प्रश्न उरत नाही. साध्या लॅमिनेटपेक्षा ते महाग असतं आणि गरम भांड्याची काळजी इथेही घ्यावी लागते. पण दगडाचं वजन नको आणि पाण्याची भीतीही नको, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते जरूर बघावं.

क्वार्ट्ज

दुकानात क्वार्ट्ज म्हणून दाखवतात तो खाणीतला अखंड दगड नसतो. वजनाने ९० टक्क्यांहून जास्त दळलेलं क्वार्ट्ज आणि बाकी रेझिन, रंग, असा तो बनवलेला असतो. रंग एकसारखा, सीलर लागत नाही, डाग कमी. रेझिनमुळेच त्याला उष्णता सोसत नाही: साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे तो पिवळट पडू शकतो किंवा तडकू शकतो, आणि तापलेला तवा सहज २०० च्या वर असतो. दगड म्हणून घेतलेल्या या ओट्याला भांड्याखाली काही ठेवायची सवय लॅमिनेटइतकीच लावून घ्यावी लागते. सतत उन्हात येणाऱ्या जागीही तो नको.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. हा दगड कोरडा कापताना सिलिकाची, म्हणजे क्वार्ट्जचीच, अतिशय बारीक धूळ उडते. ती श्वासातून गेली तर कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस होतो, आणि फुप्फुसाचा हा आजार बरा होत नाही. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा बनवलेल्या दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण बरीच कमी. तुमच्या घरातल्या तयार ओट्यापासून तुम्हाला धोका नाही, धोका कापणाऱ्याला आहे. दगड कुठलाही घ्या, कापण्याचं काम कारखान्यात, पाणी सोडून करा असं सांगा. घरी येऊन कोरडं कापणारा कारागीर स्वस्त वाटला तरी त्याला तसं करू देऊ नका.

टाइल

मालाचा खर्च सगळ्यात कमी ठेवायचा असेल आणि खाली भक्कम, सपाट पाया असेल तर टाइल. पोर्सिलेनची टाइल ०.५ टक्क्यांहून जास्त पाणी शोषत नाही, उष्णतेला घाबरत नाही आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. जुना सिमेंटचा किंवा टाइलचाच ओटा घट्ट असेल तर त्यावरच नवी बसवता येते आणि तोडफोडीचा खर्च वाचतो. फक्त वाढलेल्या उंचीत सिंक आणि नळ नीट बसतात का, ते आधी बघा.

सगळा त्रास सांध्यांचा. सांध्यांत भरलेलं सिमेंटचं मिश्रण, म्हणजे ग्राउट, तेल आणि रंग पितं, काळं पडतं आणि घासून घासून जीव जातो. इपॉक्सी ग्राउट महाग आहे, ते भरायला कुशल हात लागतो, पण टाइलच्या ओट्यावर मी दुसरं काही सुचवणार नाही. टाइल जमेल तेवढ्या मोठ्या घ्या म्हणजे सांधे कमी होतात. समोरच्या कडेला धातूची पट्टी लावा, कारण टाइलची उघडी धार तिथेच टवकते.

बाकीचे, थोडक्यात

स्टेनलेस स्टील गरम भांड्याला आणि पाण्याला दोन्हीला तयार असतं. ३०४ दर्जाचं घ्या. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, असं समजू नका, २०० मालिकेतलं हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. त्यापेक्षा दर्जा बिलावर लिहून घ्या. चरे पडतातच, पण काही महिन्यांत ते एकमेकांत मिसळून एकसारखे दिसू लागतात. क्लोरीनवालं ब्लीच त्यावर साचू देऊ नका, बारीक खड्डे पडतात.

लाकडाचा ओटा हाताला सगळ्यात सुखद लागतो. चरे, डाग पॉलिश पेपरने घासून काढता येतात, पण तेल नियमित द्यावं लागतं आणि सिंकजवळ तो काळा पडतो. तो कोरड्या भागापुरता ठेवा.

ॲक्रिलिकच्या सॉलिड सरफेसचे (ॲक्रिलिक रेझिनपासून बनवलेल्या एकसंध पाट्यांचे) सांधे दिसत नाहीत आणि चरे घासून जातात. पण दर कमी बजेटमध्ये बसणं कठीण, शिवाय उष्णता सोसत नाही. काँक्रीटचं सामान स्वस्त असतं, पण साचा, पॉलिश, सीलर आणि तडे सांभाळणं सोपं नाही. पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. ४० मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे सुमारे ९६ किलो वजन होतं. हौस असेल तरच यात पडा.

सगळा ओटा एकाच मालाचा कशाला?

हे फार थोडे लोक विचारतात. सिंक आणि शेगडीच्या मधली जागा सगळ्यात जास्त सोसते: पाणी, वाफ, गरम भांडी, कापाकापी, सगळं तिथेच. तेवढ्या भागाला ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा आणि बाकीच्या कोरड्या ओट्याला लॅमिनेट, असं केलं तर पैसा नेमका गरजेच्या जागी लागतो. दोघांची जाडी वेगळी असते, म्हणून सांध्यावर पातळी कशी जुळवणार हे कारागिराशी आधीच बोला. एखादं कपाट किंवा शेगडी मधे येत असेल तिथेच माल बदला, म्हणजे फरक खटकत नाही.

दर मागताना तोंडी आकडा नको, कागद मागा. त्यावर मालाचं नाव आणि जाडी, भोकं किती, कडेचा आकार आणि लांबी, भिंतीची पट्टी, आधार, वाहतूक, जुना ओटा काढणं, सीलर, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. दगडाचा ओटा घेत असाल तर समोरच्या कडेच्या खालून एक बारीक खाच मारून घ्या. ओघळणारं पाणी तिथेच थांबून खाली पडतं आणि कपाटाच्या दारांपर्यंत पोचत नाही. मोजमाप कपाटं पक्की बसल्यावरच घ्यायला लावा, सिंक आणि शेगडी आधी विकत आणून समोर ठेवा. छापील मापावर विसंबून पाडलेलं भोक थोडं मोठं झालं, तर दगडात ते बुजवता येत नाही.